बोलणारं पुस्तक, आवाज बंद केल्यावर उपयोगी पडलेलं

दिवाळीच्या आधी बेळगावच्या गणपत गल्लीतल्या एका दुकानातून नातवासाठी हे बटणांचं बोलणारं पुस्तक आणलं. साडेआठशे रुपये पडले. तो तेव्हा दहा महिन्यांचा होता. चित्रावर बोट दाबलं की आतली बाई मराठीत, हिंदीत नाहीतर इंग्रजीत नाव सांगते. दुकानदार म्हणाला होता, "आजी, दोन महिन्यात पोरगं पटापटा बोलतंय बघा." आता चार महिने झालेत, म्हणून लिहिते.

पुस्तकाची बांधणी चांगली आहे. पानं जाड, कोपरे गोल, बॅटरीच्या झाकणाला स्क्रू. दोनदा जिन्यावरून पडलं, काही झालं नाही. आवाज मात्र फार मोठा, आणि कमी करायची सोयच नाही. आमच्या वडगावात घरोघरी माग. आमचेही दोन चालू असतात, तरी त्या खडखडाटात ती बाई स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येते.

खरी तक्रार शब्दांची आहे. मराठीच्या पहिल्याच पानावर सफरचंद, अननस, डाळिंब. वर्षाच्या आतलं लेकरू अननस म्हणेल कसं? त्याचं बोलणं ओठांवरून सुरू होतं. मिटलेले ओठ उघडले की म, प, ब येतात, आणि ते समोरच्याच्या तोंडावर त्याला दिसतातही. आपल्याकडचे मम्मं, भूभू, हम्मा, पापा असेच तर आहेत. यातला एकही शब्द पुस्तकात नाही. 'दे' नाही, 'नको' नाही, 'भूर' नाही. लेकराला दिवसभर लागतात ते हेच.

आमच्याचा पहिला शब्द 'बा'. मुलगा मागावरून उठून आला, "आई, बाबा म्हणूलालाय बघ मला!" मलाही तसंच वाटलं. मग दोन दिवस नीट लक्ष दिलं. तो भिंतीवरच्या मांजराला 'बा' म्हणत होता, हात पुढे करून, बोटं मिटत-उघडत. शेजारच्या अक्का कन्नड बोलणाऱ्या. रोज सकाळी दारात येऊन दोन्ही हात पसरतात आणि म्हणतात, "बा, बा." कन्नडमध्ये बा म्हणजे ये. मग त्याला कडेवर घेऊन गल्लीत फिरवतात. त्या शब्दापाठोपाठ त्याला भूर जायला मिळतं, म्हणून त्यानं तो उचलला. नणंद म्हणाली, दोन भाषांत पोर गोंधळेल. गोंधळत नाही. फक्त शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे.

सुनेनं मला एक प्रयोग वाचून दाखवला. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया कूल या बाईंनी 2003 साली तो प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतल्या 9 महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसं 12 वेळा बसून खेळली, गोष्टी सांगितल्या. त्या बाळांना चिनी ध्वनींतले फरक कळायला लागले. तेच बोलणं टीव्हीवर दाखवलेल्या बाळांना काहीच आलं नाही. आमच्या घरी मी तेच पाहिलं. आतली बाई थांबतच नाही. लेकरानं 'मम' केलं तरी ती पुढचं फळ सांगते.

महिन्याभरानं मी आवाज बंद केला आणि त्याला मांडीवर घेऊन नुसती पानं उलटायला लागले. तो गाईवर बोट ठेवतो, माझ्या तोंडाकडे बघतो आणि वाट बघतो. मी म्हणते, "हम्मा आली, हम्मा." तो माझे ओठ बघत राहतो. असे आठ-दहा दिवस गेले आणि एका सकाळी गल्लीतून म्हैस चालली होती, तर कडेवरून ओरडला, "हम्मा!" आता म्हैस, बैल, शेळी, सगळ्या हम्माच. मागाला 'खट' म्हणतो, आणि मिक्सरलाही 'खट'.

पाचपैकी अडीच तारे देते, तेही पानांसाठी आणि चित्रांसाठी. नुसत्या चित्रांचं जाड पानांचं पुस्तक दीडशे-दोनशेत मिळतं, ते घ्या. हेच घरात आलं असेल तर आवाज बंद करायचं बटण मागच्या बाजूला आहे, झाकणाच्या खाली, बारीक काळं.