इमॅजिकाच्या नावाने ३१,४८९ रुपये गेले, वाचा आणि घरच्यांनाही वाचून दाखवा

आधीच सांगून टाकतो, मी अडाणी नाही. सतरा वर्षं पतसंस्थेत कॅशियर आहे, खातेदाराच्या सहीतली एक वेलांटी इकडची तिकडे झाली तरी स्लिप परत करणारा माणूस आहे मी. 'ओटीपी कोणालाही सांगू नका' हा आमच्या काउंटरवरचा बोर्ड पण मीच प्रिंट काढून चिकटवलाय. ओटीपी मी आजपर्यंत कोणाला दिलेला नाही, या भानगडीतसुद्धा नाही. तरी पैसे गेले. गावाचं नाव लिहीत नाही, शोभा व्हायची तेवढी झालीय.

खोपोलीजवळचं इमॅजिका पार्क २०१३ ला सुरू झालं तेव्हापासून ताई म्हणतेय एकदा जाऊया, पण दरवर्षी काही ना काही निघायचं, कुणाचं लग्न, पोरांच्या परीक्षा, मधे कोरोना. यंदा मे महिन्यात ठरवलंच. आम्ही चौघं, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची मुलगी, ताई-दाजी आणि त्यांचा मुलगा, आणि आई. अकरा जण. पोरांनी दोन महिने डोकं खाल्लं, तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरला उंची लागते म्हणून माझा पोरगा रोज दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारून घ्यायचा. ही रेघ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. भावाने तर सगळ्यांना एकसारखे पिवळे टी-शर्ट छापून आणले, पाठीवर 'आमची गँग', ११ नग, २२० प्रमाणे २,४२० रुपये.

आता तिकिटांचं. रात्री मोबाईलवर रील बघत पडलो होतो, त्यात जाहिरात आली, सुट्टी स्पेशल, दोन दिवसांची तिकिटं, एक रात्र हॉटेल, नाश्ता-जेवण, सीनियर सिटिझन फ्री. दाबलं तर साइट उघडली, तोच लोगो, तोच हत्ती, तेच फोटो, वर कुलूप पण दिसत होतं. हे कुलूप म्हणजे साइट खरी असं नसतं, तुमचा मोबाईल आणि ती साइट यांच्यातलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही एवढंच त्याचा अर्थ, समोर चोर बसला असला तरी कुलूप येतंच. मला हे आता माहितीय. साइटच्या पत्त्यात नावाच्या पुढे डॅश देऊन 'बुकिंग ऑफर' असं काहीतरी होतं, तेवढं वाचायला कोण जातं. तुम्ही जा. पत्ता हाताने टाइप करा, जाहिरातीवर बोट ठेवूच नका.

नंबर टाकल्यावर पाच मिनिटांत फोन. पोरगा गोड बोलणारा, हिंदी-मराठी मिक्स, 'सर आई येणार आहेत ना, मग त्यांच्यासाठी व्हीलचेअर अरेंज करू का?' असं विचारणारा. अहो, आमच्या भावाने कधी विचारलं नाही आईला व्हीलचेअरचं. ७ मोठे, ४ पोरं, सगळं मिळून १८,४९०. खरा खर्च याच्या दुपटीच्या वर जातो हे मला माहीत होतं, मी आधी हिशोब काढला होता, कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे. तरी वाटलं ऑफर असेल, मोठ्या कंपन्या देतात. २,१०० टोकन मागितलं.

त्याने पोरांची वयं विचारली. आणि पार्कात मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर असतं, हे आमच्या घरात चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं!! मी त्या चौकटीला टेकून उभा राहून त्याला वयं सांगितली. नऊ, बारा, अकरा, सात.

आणि आता ते, ज्याच्यामुळे मला अजून रात्री झोप लागत नाही. टोकन भरायला त्याचा नंबर टाकला, यूपीआयच्या स्क्रीनवर नाव आलं, एका बाईचं. साधं नाव, बाप किंवा नवऱ्याच्या नावासकट, आडनाव आपल्याकडचं पण नाही. पार्कचं नाही, कंपनीचं नाही, ट्रॅव्हल्सचं पण नाही. शेजारी बारा वर्षांची पोरगी बसलेली, ती म्हणाली, 'पप्पा, ह्या काकू कोण?' फोन चालूच होता, मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, 'सर, ते आमच्या ऑथराइज्ड पार्टनरचं अकाउंट आहे, कंपनीच्या अकाउंटला टाकलं तर १८ टक्के जीएसटी लागतो, तुमचाच फायदा.' आणि मी काय केलं माहितीये? मी खूश झालो. मनात १८ टक्क्यांचा गुणाकार केला, तीन हजार तीनशेच्या वर वाचले म्हणून पोरीला गप्प बसवलं. दिवसभर दुसऱ्यांची नावं तपासायचा पगार घेतो मी. खात्यावरचं नाव आणि समोरचा माणूस जुळला नाही तर मी चेअरमनच्या मेव्हण्याला पण पैसे दिलेले नाहीत, एकदा त्यावरून मीटिंगमध्ये बोलणी खाल्लीत. आणि स्वतःच्या पैशाला त्या काकू कोण हे मी विचारलं कोणाला, तर चोराला.

कोणी म्हणेल लोभ. थोडा होताच, नाही म्हणत नाही. पण अकरा जणांना नेणारा, पगार पतसंस्थेचा, तो १८ टक्के सोडेल का? तुम्ही सोडले असते का? असो.

मंगळवारी २,१००, बुधवारी उरलेले १६,३९०. गुरुवारी म्हणाला रूमचं सिक्युरिटी डिपॉझिट ८,०००, चेकआउटला परत. तेही भरले. मग ई-तिकीट आलं, पीडीएफ, क्यूआर कोड, प्रत्येकाचं नाव, मी लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं 'बघा, याला म्हणतात प्लॅनिंग'. दाजींनी अंगठा दिला. हॉटेल चेक-इनला लागतं म्हणून अकरा जणांच्या आधारचे फोटो पण पाठवले, पुढून मागून. (आधार द्यायचंच असेल तर मास्क केलेलं द्या, शेवटचे चारच आकडे दिसतात, आधारच्या साइटवर फुकट मिळतं. मी नाही दिलं, मला घाई होती.) शुक्रवारी रात्री ९:४० ला, बॅगा भरून झालेल्या, परत फोन. जीएसटी इनव्हॉइस मिसमॅच दाखवतंय, आत्ता ४,९९९ भरा नाहीतर रात्री बाराला बुकिंग ऑटो कॅन्सल. म्हणजे बघा, जीएसटी वाचवतो म्हणून पैसे घेतले आणि परत जीएसटीच्याच नावाने घेतले, आणि मी दोन्ही वेळा दिले. बेरीज करा, ३१,४८९.

शनिवारी पहाटे तीनला निघालो, सतरा सीटर ट्रॅव्हलर, दोन दिवसांचं भाडं १४,५००. खंबाटकीच्या बोगद्यात पोरं ओरडली, खेड-शिवापूरला चहा, एक्सप्रेसवेला खोपोली एक्झिट घेऊन पाली रोडला लागलो तर लांबूनच नायट्रोचा लाल ट्रॅक दिसला आणि गाडीत नुसता कल्ला. गेटवर लाइन. आम्ही अकरा पिवळे. मी पुढे, मोबाईल हातात. मशीनने पहिला कोड घेतला नाही, दुसरा नाही, मग त्या मुलीने पीडीएफ बघितली आणि हळू आवाजात म्हणाली, 'सर, जरा बाजूला येता का, हे आमचं तिकीट नाही.' नीट बोलली बिचारी, पण तिच्या तोंडावरून कळलं की आपण पहिले नाही. मागच्या लाइनीतून कोणीतरी म्हणालं, 'गँग फसली वाटतं.' टी-शर्ट सगळ्यांना वाचता येत होता ना.

मी त्या नंबरला फोन लावला. आणि त्याने उचलला! 'सर, सर्व्हर इश्यू, आत्ता रिफंड करतो, मी क्यूआर पाठवलाय तो स्कॅन करा, पिन टाका.' शपथेवर सांगतो, मी स्कॅन केला होता. पिनचे दोन आकडे टाकून झाले होते. बायकोने हातातून मोबाईल हिसकावला, 'अहो, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?' तेवढ्या एका वाक्याने खात्यातले उरलेले वाचले, नाहीतर पगार पण त्यातच होता. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. घरात भिंतीवर लिहा.

पोरं रडायला लागली म्हणून चार पोरं आणि भाऊ-दाजी यांची तिकिटं खिडकीवरून काढली, बाकी आम्ही बाहेर गाडीत. आई म्हणाली, 'जाऊ दे रे, मला नव्हतंच बसायचं त्यात.' ते ऐकून जास्त वाईट वाटलं.

आता साहेब लोकांचं ऐका. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, काही वेळ वाट बघितली पण लागला, त्यांनी रक्कम, तारीख, १२ आकडी व्यवहार नंबर सगळं घेऊन तक्रार नोंदवली, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पैसे गेल्यावर पहिला तास-दोन तास महत्त्वाचे असतात आणि आमचे पहिले पैसे जाऊन चार दिवस झाले होते. बँकेच्या हेल्पलाइनवर पंधरा मिनिटं 'आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है' आणि बासरी. दुसरा शनिवार, ब्रांच बंद. तिथल्या जवळच्या चौकीत गेलो तर 'पैसे कुठून पाठवले? गावावरून ना, मग गावात करा.' रविवारी गावातल्या ठाण्यात गेलो तर 'कळलं कुठे? तिकडे ना, मग तिकडे करायचं होतं.' मी म्हणालो साहेब झिरो एफआयआर असतो ना, हद्द कुठलीही असू दे, आता नवीन कायद्यात लिहूनच ठेवलंय. तर हवालदार म्हणतो, 'वकील आहात का तुम्ही?' मी म्हणालो कॅशियर. 'मग कॅशियर असून फसले?' आणि शेजारचे दोघं हसले. त्यांना हसू येतं. आमची आई पहाटे तीनला उठून अकरा जणांच्या दशम्या करून निघाली होती.

तिथून सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, तुम्ही सरकारच्या सायबर तक्रार पोर्टलवर टाका. पोर्टलवर टाकली होती, तर म्हणे मग ती तुमच्या ठाण्याकडेच वर्ग झालीय, तिकडे विचारा. ठाण्यात विचारलं तर म्हणाले दिसत नाही, साइट स्लो आहे. अशा पाच फेऱ्या, पाच अर्ध्या दिवसांच्या रजा. अर्ज स्वीकारून शिक्का द्यायला नऊ दिवस लागले. पूर्वी चारशेवीस म्हणायचो, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१८ झालंय, सोबत आयटी कायद्याचं ६६ड लागतं, हे मी त्यांना सांगायचं!

सोमवारी बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, 'पिन तुम्ही टाकलाय, व्यवहार तुमच्या संमतीचा, बँकेची जबाबदारी नाही.' आरबीआयचं २०१७ चं परिपत्रक आहे, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य, ते मी प्रिंट काढून नेलं होतं. ते लागू होतं तुमच्या नकळत खात्यातून गेले तर, आपल्या चुकीने गेले तर कळवेपर्यंतचं आपल्यालाच सोसायचं, हे मला पण कळतं. मी एवढंच म्हणत होतो की माझी तक्रार लेखी घ्या, पोच द्या. पोच द्यायला काय जातं तुमचं? दिली नाही, ईमेल करा म्हणाले. तुम्ही ईमेलच करा, त्याला तारीख असते, ३० दिवसांत उत्तर नाही आलं की आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन टाकता येतं. मी टाकलंय.

सगळ्यात भारी ऐका. शुक्रवारच्या ४,९९९ मधले १,३४० पुढच्या कुठल्यातरी खात्यात होल्ड झालेत. म्हणजे पैसे सापडले! पण ते मिळायला कोर्टाचा आदेश लागेल, असं आम्हाला तेव्हा सांगितलं. वकिलाला विचारलं, तो म्हणाला माझी फी तीन हजार.

आणि ज्या काकूंचं नाव आलं होतं, त्यांचं पण खातं कोणीतरी महिना-भाड्याने घेतलेलं असणार, असं सायबरमधला एक पोरगा खाजगीत म्हणाला. त्या काकूंना कदाचित माहीत पण नसेल की त्यांनी आम्हाला फसवलंय.

आणखी एक, भामट्याने नंतर व्हॉट्सॲपवरचे जमतील तेवढे मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' केले. मी फॅमिली ग्रुपवर शायनिंग मारायला स्क्रीनशॉट टाकले होते म्हणून पुरावा उरला. पहिलं काम स्क्रीनशॉट, शिव्या नंतर घाला. मी आधी शिव्या घातल्या. आणि आधार दिलं असेल तर बायोमेट्रिक लॉक करा, संचार साथी या सरकारी साइटवर जाऊन आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. भावाच्या नावावर एक अनोळखी निघालं, ते बंद करायला टाकलंय, ते याच्यामुळेच का जुनं होतं देव जाणे.

दाजी काही बोलले नाहीत पण परवा लग्नात भेटले तेव्हा पाहुण्यांना म्हणत होते, 'आमचे मेव्हणे प्लॅनिंगला एकदम पक्के.' माझ्या पिवळ्या टी-शर्टचं बायकोने पोतेरं केलंय.

ती जाहिरात काल परत दिसली, आता 'पावसाळी स्पेशल', हत्ती तोच. रिपोर्ट केली.

उद्या ठाण्यात परत बोलावलंय जबाबाला. येताना आधारची झेरॉक्स आणा म्हणाले, पुढून मागून, अकराच्या अकरा जणांची.