लिओनर्ड कोहेन ऐकायचाय? 1975 चा संग्रह घ्यावा की 2002 चा?

कोल्हापुरात माझ्या ओळखीतले बहुतेक जण लिओनर्ड कोहेन या कॅनडाच्या कवी-गायकापर्यंत एकाच गाण्यावरून पोचले, 'हालेलुया'. तेही जेफ बकली या अमेरिकन गायकाच्या आवाजात. गाणं लिहिणारा वेगळाच आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग त्याचं आधी काय ऐकू? अल्बम ढीगभर, आवाज पहिल्या फटक्यात आवडेल असा नाही. अशा वेळी निवडक गाण्यांचा संग्रहच बरा. त्यातही दोनच संग्रह विचारात घ्यावेत असं माझं मत आहे: 1975 चा 'द बेस्ट ऑफ लिओनर्ड कोहेन' (युरोपात काही देशांत तो 'ग्रेटेस्ट हिट्स' या नावानं निघाला) आणि 2002 चा 'द इसेन्शियल लिओनर्ड कोहेन'.

पहिल्यात 12 गाणी, सगळी 1967 ते 1974 या काळातली. दुसऱ्यात दोन सीडींवर 31, आणि ती कोहेननं स्वतः निवडलेली. आता हिशेब बघा. 1975 च्या 12 पैकी 10 गाणी 2002 च्या संग्रहात आहेतच. राहतात फक्त 'लेडी मिडनाइट' आणि 'लास्ट इयर्स मॅन'. म्हणजे दोन्ही विकत घेण्यात काही राम नाही. 'हालेलुया' हवंच असेल तर 1975 चा संग्रह कामाचा नाही, कारण ते गाणं आलंच 1984 च्या अल्बममध्ये.

तरीही नव्या माणसाला मी आधी 1975 चाच सुचवतो.

कोहेन मुळात कवी. मॉन्ट्रियलच्या या माणसाचा पहिला कवितासंग्रह 1956 चा आणि पहिला अल्बम थेट तेहतिशीत. चाली साध्या, गळा मर्यादित, सगळा भार शब्दांवर. या 12 गाण्यांत शब्दांच्या आड फारसं काही येत नाही. बोटांनी छेडलेली गिटार, मागे क्वचित बायकांचे आवाज, बाकी तो आणि त्याच्या ओळी. जगदीश खेबुडकरांच्या गावात गाण्याचे शब्द कानावरून वाहून जात नाहीत, लोक ते धरून ठेवतात. संथपणाचं तर इथं वावडंच नाही. देवल क्लबात विलंबित ख्याल ऐकत बसणाऱ्याला पाच मिनिटांचं हळू गाणं कसं लांबेल? अडते ती इंग्रजी. त्यावर माझा उपाय सरळ आहे: आधी शब्द समोर ठेवून एकदा वाचायचे, मग डोळे मिटून ऐकायचं.

उदाहरणार्थ 'फेमस ब्लू रेनकोट'. हे गाणं म्हणजे एक पत्र आहे. डिसेंबर सरत आलाय, पहाटेचे चार वाजलेत, आणि हा माणूस अशा मित्राला लिहितोय जो त्याच्या बायकोच्या आयुष्यात येऊन गेला. आदळआपट नाही, शिव्याशाप नाहीत. चौकशी आहे, थोडी माफी आहे, बरंचसं न बोललेलं आहे. शेवटी पत्राखाली करावी तशी सही, 'एल. कोहेन'. गाण्याच्या आत स्वतःचं नाव घालणं आपल्याला नवीन नाही, अभंगात ते पावलोपावली भेटतं. पण इथं ती सही आली की अंगावर काटा येतो. हे गाणं भिडलं तर कोहेन तुमचा झाला. नाही भिडलं तर 31 गाण्यांच्या वाटेला न गेलेलं बरं.

2002 चा संग्रह कमी आहे असं मात्र नाही. त्याच्या दुसऱ्या सीडीवर माणूस बदललेला दिसतो. आवाज खोल, घोगरा, जवळजवळ बोलल्यासारखा. गिटारच्या जागी कीबोर्ड. 'एव्हरीबडी नोज' किंवा 'टॉवर ऑफ साँग' ऐकताना हाच तो पहिल्या अल्बममधल्या 'सुझान' गाण्यावाला का, असं वाटतं. शेवटची चार गाणी 2001 च्या अल्बममधली, आणि आपल्याकडच्या श्रोत्यानं ती खास ऐकावीत. 1994 पासून पाच वर्षं कोहेन कॅलिफोर्नियातल्या झेन मठात होता, तिथून उतरला आणि मुंबईला आला, रमेश बाळसेकरांच्या सत्संगासाठी. बाळसेकर म्हणजे अद्वैत शिकवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. त्या काळानंतर आलेली ही गाणी आहेत. 'अ थाउजंड किसेस डीप' ऐकताना त्यातली निवांत स्वीकाराची भावना मला ओळखीची वाटते.

तेव्हा 'हालेलुया'च्या ओढीनं आला असाल, किंवा या माणसाचा पस्तीस वर्षांचा सगळा प्रवास हवा असेल, तर 2002 चाच घ्या. फक्त शफल लावू नका. 1967 चा कोवळा आवाज आणि 2001 चा घोगरा आवाज एकमेकांवर आपटले की दोन्हींची माती होते. एक सीडी एका बैठकीत, दुसरी दुसऱ्या दिवशी.

जाता जाता 'लाइव्ह इन लंडन'. 2008 मध्ये, पंधरा वर्षांनी दौऱ्यावर निघालेल्या 73 वर्षांच्या कोहेनची ही मैफल. वाद्यवृंद अप्रतिम, लोकांशी बोलणंही लाघवी. पण ती खुलते गाणी आधी ओळखीची असतील तर.

आणि संग्रह कुठलाही घ्या, 'अ‍ॅव्हलांच' दोन्हीत नाही. त्यासाठी 1971 चा 'साँग्स ऑफ लव्ह अँड हेट' लावा. सुरुवातच त्या गाण्यानं होते, आणि 2002 च्या संग्रहातून सुटलेलं 'लास्ट इयर्स मॅन' त्याच्या लगेच पुढे आहे.