क्रोममध्येच पासवर्ड ठेवू की बिटवॉर्डन घेऊ?

कोथरूडच्या मावसभावाचा प्रश्न आहे हा. (बिटवॉर्डन म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारं वेगळं ॲप.) फोन अँड्रॉइड, हिंजवडीच्या ऑफिसचा लॅपटॉप वेगळा, घरच्या पीसीवर फायरफॉक्स, आणि महावितरणचा पासवर्ड नक्की कुठे सेव्ह झालाय तेच सापडेना.

शोधायला क्रोम सोपं. तीन टिंबं, पासवर्ड मॅनेजर, साइटचं नाव टाका, फोनचं लॉक किंवा विंडोजचा पिन दिला की दिसतो. सिंक असेल, म्हणजे पासवर्ड गुगल खात्यातही जतन होत असतील, तर पासवर्ड्स डॉट गुगल डॉट कॉमवर पण मिळतो. बिटवॉर्डनला मात्र आधी अकाउंट, मग ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन, फोनमध्ये ऑटोफिल (पासवर्ड आपोआप भरणं) चालू करणं, थोडक्यात एक रविवार दुपार गेली (झोपेसकट).

पैशाचा प्रश्नच नाही, बिटवॉर्डनच्या फ्री प्लॅनमध्येही कितीही पासवर्ड, कितीही डिव्हाइस.

खरी गोम सुरक्षेत आहे. क्रोममध्ये पासवर्ड बघायला पिन लागतो, पण लॅपटॉप उघडा टाकून चहाला गेलात तर ऑटोफिल कुणालाही आत सोडतं, आणि घरात सगळ्यांना एकच पिन माहीत असेल तर मग बोलायलाच नको. बिटवॉर्डनचं कुलूप वेगळं, पण ते उघडणारा मास्टर पासवर्ड विसरलात तर कंपनीसुद्धा काढून देऊ शकत नाही, तो कागदावर लिहून कपाटात ठेवाच.

क्रोम सोडून बिटवॉर्डनवर जाणार असाल तर क्रोममधून निघणारी सीएसव्ही फाइल (सगळ्या पासवर्डची यादी) साध्या मजकुराची असते, कुणीही वाचू शकतं, बिटवॉर्डनमध्ये इम्पोर्ट झाली की लगेच उडवा, रिसायकल बिनमधूनही.

सगळीकडे क्रोमच वापरता आणि मशीन एकट्याचं आहे? क्रोम पुरे. आईबाबांनाही तेच द्या. भावासारखी ब्राउझरची खिचडी असेल किंवा पीसी घरात सगळे वापरत असतील तर बिटवॉर्डन.