नैसर्गिक रंगांचा घरगुती संच: माल चोख, पत्रक भलतंच

कापड रंगवायच्या या संचात तुरटी, हिरडा, मंजिष्ठ (लाल रंगाचं मूळ), हळद, नीळ, हिराकस (लोहाचा क्षार). सहाही पुड्यांतला माल चांगला आहे, मंजिष्ठ तर छान बारीक दळलेली. खोट आहे ती सोबतच्या पत्रकात. त्यात प्रत्येक रंगापुढे भाव छापलाय: काळा शोकाचा, पांढरा नवरीचा, हिरवा मत्सराचा. कुठल्या मुलखातला हा तक्ता? आपल्याकडे नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा येते, बोरन्हाणाला बाळाला काळं झबलं घालतात. लग्नाच्या मांडवात मात्र तेच काळं कुणाला खपत नाही. केरळात ओणमाला सोनेरी काठाची पांढरी कसवू साडी नेसतात. आपल्याकडे नुसती पांढरी साडी दिसली की मयत आठवतं. आणि हिरवा? चुड्याचा, डोहाळजेवणाचा.

नेमके काळा आणि हिरवाच या संचात फसतात.

काळा येतो हिरडा आणि हिराकसातलं लोह एकत्र आल्याने. पत्रक दर 100 ग्रॅम कोरड्या कापडाला 10 ग्रॅम हिराकस घालायला सांगतं. एवढ्याने सूत कमजोर होऊन कापड घडीवर विरतं. 3 ग्रॅम पुरे. कापड 20 ग्रॅम हिरड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा, पिळून हिराकसाच्या पाण्यात दहा मिनिटं हलवत राहा, वाऱ्यावर वाळवा. पहिल्या खेपेला करडाच दिसेल. दोन-तीन खेपा लागतात. खाली निळीचा हात असेल तर काळा जास्त दाट बसतो.

हिरव्यासाठी निळीवर हळद सांगितली आहे. हळद उन्हात उडते आणि हाती निळंच कापड उरतं. शिवाय साबण लागला की ती लाल होते (कुंकू त्याच गुणावर बनतं). त्याऐवजी निळीवर डाळिंबाच्या सालीचा काढा द्या, तुरटी लावूनच. हिरवा जरा मळकट येतो, पण टिकतो. साल संचात नाही, ही मोठी उणीव.

मंजिष्ठेचा क्रमही उलटा छापलाय. सुती कापडाला आधी हिरडा, मग 15 ग्रॅम तुरटी, शेवटी रंग. हिरड्यावाचून तुरटी सुताला नीट धरत नाही, लाल फिका पडतो. पाणी 70 अंशांच्या आत ठेवा. उकळलं की लालाचा विटकरी होतो.

मांजरपाट घेणार असाल तर आधी धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून खळ काढा. पाण्याचा थेंब वर न थांबता लगेच मुरला, की कापड तयार.