कुडाळातला पेटीचा वर्ग: सहा महिन्यांनंतर

वेंगुर्ल्याच्या आमच्या महिला भजनी मंडळात मी नऊ वर्षं टाळ धरते. "सम चुकली", "पट्टी चढली" हे शब्द रोजचे. पण सम म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. ती रुखरुख फार होती. म्हणून जूनपासून दर शनिवारी एसटीने कुडाळला जाऊन एका गुरुजींकडे मोठ्यांसाठीचा पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, वर्ग केला.

पहिल्या दिवशी त्यांनी वही उघडूच दिली नाही. "तोंडान नको बाय, हातान सांग." रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना सगळ्यांची पावलं एका वेगाने मागे पडतात, ती लय. त्यातलं एकेक पाऊल म्हणजे मात्रा. किती पावलांनी पुन्हा पहिल्यावर यायचं ते ठरलं की ताल झाला, आणि तो एक फेरा म्हणजे आवर्तन. फेऱ्याची पहिली मात्रा ती सम. वर्गातल्या निम्म्या जणांनी लहानपणी रापणीला हात लावलेला, त्यामुळे वेगळं समजवावं लागलं नाही.

त्रितालाला दोन शनिवार दिले. 16 मात्रा, चार-चारचे चार खंड. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता हलवायचा. हे पाठ करून घेण्याआधी त्यांनी डोळे मिटायला लावून तबला ऐकवला. 'धा तिं तिं ता' सुरू झालं की डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताखालच्या तबल्याचा, घुमारा जातो, आणि चौदाव्या मात्रेच्या 'धिं'ला परत येतो. तो परत आला की तीन मात्रांनी सम. तेव्हापासून मला बोटं मोजावी लागत नाहीत. रूपकाचं तर नवलच वाटलं: 7 मात्रा, आणि सुरुवातच खालीने. तिथे इतकी वर्षं माझा टाळ जोरात पडत होता.

पण या वर्गाला जावं ते सुरांच्या धड्यांसाठी. आमच्या मंडळात पूर्वीपासून काळी एक, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी सा धरायची. का, तर पूर्वी पेटीवर पुरुष असायचे आणि त्यांच्या गळ्याला ती सोयीची. आम्हा बायकांचा आवाज तिथे मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, बुडायचा, नाहीतर वरच्या, तार सप्तकात ओढाताण व्हायची. गुरुजींनी प्रत्येकीला नुसतं "आ" लावायला सांगून तिचा षड्ज, म्हणजे सा, शोधून दिला. सा आपण जिथे ठेवू तिथे, बाकीचे सूर त्याच्यापासूनच्या अंतराने ठरतात. माझा काळी चार निघाला.

मग त्यांनी पेटीवरच्या फक्त काळ्या पट्ट्या वाजवायला सांगितल्या. सप्तकात पाचच. काळी तीनला सा मानलं की सा रे ग प ध, म्हणजे भूप राग. तेच पाच सूर काळी एकपासून मोजले की दुर्गा. काळी पाचपासून मालकंस! पट्ट्या त्याच, हात तोच, सा हलला की राग पालटला. याला मूर्च्छना म्हणतात, हे त्यांनी सगळं वाजवून झाल्यावर सांगितलं. त्या संध्याकाळी परतीच्या एसटीत मी खिडकीच्या गजावर बोटं फिरवत होते.

पुढच्या आठवड्यात भूप आणि देशकार. दोघांचे सूर तेच, पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार (ग), देशकाराचा धैवत (ध). गंधारावर थांबत गेलं की संध्याकाळ, धैवतावर थांबत गेलं की सकाळ. वादी-संवादी (मुख्य सूर आणि त्याच्या जोडीचा दुसरा) ही फक्त परीक्षेत लिहायची जोडी नाही, हे मला त्या दिवशी कानांनी कळलं.

उणिवाही आहेत. भातखंड्यांचे दहा थाट, म्हणजे रागांच्या वर्गवारीचे सुरांचे साचे, एकाच बैठकीत उरकले. ते नुसते पाठ झाले, कानात उतरले नाहीत. चौदा जणांत तीन पेट्या, त्यामुळे हात बसायला वेळ लागतो. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळल्या की मंद्रातलं काही ऐकू येत नाही, आणि दमट हवेने एका पेटीचा कोमल निषाद (नी) ऑगस्टभर उतरलेला होता. तो तेव्हाच दुरुस्त व्हायला हवा होता, कारण शिकणाऱ्याच्या कानात खोटा सूर बसला की काढणं कठीण. पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक भेद) सापडत नाहीत, हे मात्र गुरुजी स्वतःच सांगतात आणि दर वेळी शेवटची दहा मिनिटं तंबोऱ्यावर गायला लावतात.

फी महिना 600 रुपये. नवी तुकडी दिवाळीनंतर बसते. घरात पेटी असेल तर रिक्षाचं भाडं पडलं तरी घेऊन जा. आमच्या मंडळाने कार्तिकी एकादशीला पहिल्यांदा काळी चारमध्ये गजर केला, आणि मागच्या रांगेतल्या आजींचा आवाज मला नऊ वर्षांत प्रथमच ऐकू आला.