पद्मिनीसाठी टू-के पीयू रंग: पैसे वसूल, मास्कवर मात्र काटकसर नको

सासऱ्यांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी घरीच रंगवायची ठरली, तेव्हा दुकानदाराने स्वस्तातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पुढे केला. मी टू-के पीयू, म्हणजे हार्डनर (रंग घट्ट करणारं द्रव्य) मिसळून मारायचा दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग घेतला, सॉलिड क्रीम, म्हणजे मेटॅलिक चमक नसलेला. जुन्या गाडीला तोच घ्या, असं अगदी मनापासून सांगते.

एनसीतलं थिनर उडालं की रंग सुकतो, एवढंच. पुन्हा थिनर लागलं की तो विरघळतो. पीयू हार्डनरबरोबर आतून पक्का होतो. टाकीच्या झाकणापाशी पेट्रोल ओघळलं तरी लगेच पुसलं की डाग राहत नाही. शिवाय सॉलिड शेडला वरून क्लिअर कोट (पारदर्शक थर) लागत नाही, त्यामुळे चकाकी त्या काळच्या गाडीला शोभेल अशी येते, काचेसारखी नाही.

आधी थिनरचा बोळा जुन्या रंगावर घासून बघा. रंग बोळ्याला लागला तर खाली एनसी आहे; थेट पीयू मारलात तर सुरकुत्या येण्याची भीती असते. आमच्या गाडीचा जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवला. दारांच्या तळाशी पाणी निचऱ्याची छिद्रं बुजली होती, पत्रा आतून खाल्ला होता. तिथे नवा पत्रा जोडून, इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर) मारून मगच लांबी (पुट्टी) भरली.

१.४ मिमी नोझलच्या स्प्रे गनने फवारा छान पसरतो. खरी कसोटी टपाची. एका पन्हळीपासून मध्यापर्यंत यायचं, लगेच पलीकडे जाऊन मध्यापासून दुसऱ्या पन्हळीपर्यंत जायचं, आणि मधली कड ओली असतानाच पट्टे एकमेकांवर अर्धे चढवायचे. छोट्या टाकीचा कंप्रेसर इथे दमतो, मोठा भाड्याने आणा. हवेच्या नळीला पाणी अडवणारा फिल्टरही हवाच.

आता मास्क. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि वास येत नाही म्हणजे धोका नाही असं मुळीच नाही. कापडी मास्क बिनकामाचा. मी नळीने बाहेरची स्वच्छ हवा देणारा मास्क, हातमोजे आणि अंगभर सूट वापरला. तो मास्क मिळत नसेल तर लांबी-घासाई घरी करा आणि पीयूचे कोट स्प्रे बूथ (रंग फवारायची बंदिस्त खोली) असलेल्या गॅरेजमधून मारून घ्या.

हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच, आणि एका वेळेला लागेल तेवढाच कालवा. उरलेला भांड्यातच घट्ट होतो. शेड मशीनवर जुळवून घेतली असेल तर तिचा फॉर्म्युला लिहून मागा, पुढेमागे एखादं दार रंगवायला लागतोच.