कापडी सॅडलबॅग: ताम्हिणीच्या पावसापासून उमलिंग लापर्यंत

गेल्या जूनपासून या सॅडलबॅगांची, म्हणजे मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगांची, जोडी माझ्या रॉयल एन्फील्ड हिमालयन ४११ मोटरसायकलवर आहे. आधी ताम्हिणी आणि वरंधा घाटातला पाऊस, मग सप्टेंबरात मनाली, लेह, लडाखमधले हानले गाव आणि उमलिंग ला ही खिंड असा एकट्याने केलेला प्रवास, आणि त्यानंतर पुण्यातला रोजचा वापर, एवढे त्यांनी सोसले आहे. आपल्याकडे बॅगेची पारख पावसावर होते आणि त्या परीक्षेत ही जोडी निर्विवाद उत्तीर्ण आहे. लडाखमध्ये मात्र गाठ पडते ती धूळ, थंडी, हादरे आणि विरळ हवा यांच्याशी, आणि विरळ हवेचा विचार बॅग बनवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

या बॅगेला चेन नाही. तोंड तीन-चार वेढे गुंडाळून दोन्ही बाजूंच्या बकलांनी आवळायचे असते. हानलेच्या पुढे कच्च्या वाटेवर ही रचना किती शहाणपणाची आहे ते कळले. टाकीवरच्या दुसऱ्या बनावटीच्या लहान बॅगेची चेन धुळीने अशी धरली, की कागदपत्रे काढायला दर वेळी पाणी ओतून ती धुवावी लागे. सॅडलबॅगांच्या आत मात्र धुळीचा कण गेला नाही.

पण जे तोंड धूळ आत येऊ देत नाही, ते हवाही बाहेर जाऊ देत नाही. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. ५,७९८ मीटरवरच्या उमलिंग लाला तो निम्म्यावर येतो. खाली घट्ट बंद केलेली बॅग वर पोहोचेपर्यंत पुरीसारखी टम्म फुगते आणि शिवणीवर ताण येतो. त्याहून त्रासदायक म्हणजे, खिंडीत उघडून पुन्हा बंद केलेली बॅग उतारावर आक्रसते, पट्टे सैल पडतात आणि ऐन खडबडीत वळणांवर ओझे डुलू लागते. गुंडाळण्यापूर्वी गुडघ्याने दाबून हवा काढून टाकणे आणि प्रत्येक मोठ्या उतारानंतर पट्टे तपासणे, हा यावरचा उपाय. हवा सोडणारी एक साधी झडप बसवली असती तर त्याचीही गरज पडली नसती.

बाहेरच्या पट्ट्यांत पेट्रोलचा पाच लिटरचा एकेक कॅन नीट बसतो, ही मोठीच सोय आहे. मनाली-लेह रस्त्यावरच्या तांडीच्या पंपाजवळ पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. तेवढे अंतर १५ लिटरची भरलेली टाकी बेताने चालवल्यास पार करते. खरी गरज लेहजवळचे कारू सोडल्यावर लागते, कारण लेहहून हानले अडीचशे किलोमीटरच्या आसपास, तिथून उमलिंग ला आणि परत, एवढ्या पट्ट्यात पंपावर विसंबून राहता येत नाही. कॅन दोन्ही बाजूंना समान आणि शक्य तितके पुढे बांधल्यास गाडीचा तोल बिघडत नाही. मात्र उंचीवर झाकण हळूहळू फिरवावे. आतली वाफ जोराने सुटते.

आता तक्रार. हानलेच्या होमस्टेत गाडी रात्रभर बाहेर होती, पहाटे पारा शून्याच्या बराच खाली गेलेला, आणि पट्टा ओढताच डाव्या बॅगेचे प्लॅस्टिकचे बकल कडकन तुटले. होमस्टेच्या आमा-लेंनी (लडाखीत आईला आदराने असे म्हणतात) याकच्या लोकरीची दोरी दिली. तिच्या दुहेरी गाठीवर ती बॅग लेहपर्यंत सुखरूप आली. बनवणाऱ्यांनी नवे बकल विनामूल्य पाठवले खरे, पण तेही त्याच प्लॅस्टिकचे. मी ते न लावता ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराकडून धातूची कडी बसवून घेतली. एवढ्या किमतीत ती मुळातच असायला हवी होती.

सायलेन्सरच्या बाजूच्या बॅगेला खाली उष्णतारोधक पत्रा आहे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमधल्या लांब चढांनंतरही कापड वितळले नाही, फक्त रंग तपकिरी झाला. उन्हाने वरचा काळा रंगही विटला आहे. पत्र्याच्या पेट्यांच्या तुलनेत कुलूप नाही, हे शहरात जाणवते. कच्च्या रस्त्यावर गाडी कलंडली तर पायावर कापड येते, पेटीची कड नाही, हे एकट्याने जाणाऱ्याने तोलून पाहावे. पावसाळी भटकंतीसाठी ही जोडी आहे तशी घ्यावी. लडाखला नेणार असाल तर बकले निघण्यापूर्वीच बदलून घ्यावीत.